डीडवर तीन नावं, परतावा एकाचाच

*प्रश्न: ताई, मी एका फेडरल खात्यात शास्त्रज्ञ आहे. एप्रिल २०२५ मध्ये खात्याने माझी मेरिलँडहून डेन्व्हरला बदली केली. मेरिलँडचं घर सप्टेंबरमध्ये ५,१०,००० डॉलरला विकलं. विकताना ३३,००० डॉलर खर्च झाले: एजंटांचं कमिशन २५,५००, क्लोजिंगचा, म्हणजे व्यवहार पुरा करण्याचा, बाकीचा खर्च ५,१०० आणि खरेदीदाराने करून मागितलेली छपराची दुरुस्ती २,४००. सगळे मीच सोसले. बदलीमुळे झालेल्या या खर्चाचा परतावा म्हणून खात्याने हातावर ठेवले १०,२००, कारण डीडवर (घराच्या मालकीच्या दस्तावर) तीन नावं आहेत: मी, आई आणि न्यू जर्सीतला माझा धाकटा भाऊ. २०१९ मध्ये घर घेताना बँकेला माझा एकट्याचा पगार पुरेना, म्हणून भावाने सही केली. त्याने डाउन पेमेंटमध्ये १८,०००ही घातले होते, ते विक्रीनंतर परत दिले. आईने डोंबिवलीची जागा विकून ४०,००० घातले. हप्ते पहिल्यापासून मीच भरले.*

*आई जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाली. २०१७ पासून ग्रीन कार्डवर आमच्याकडेच असते. पेन्शन महिना ३८,००० रुपये. ती डोंबिवलीच्या बँकेत जमा होते आणि मावशीच्या औषधपाण्याला नि तिच्या नातीच्या शिक्षणाला जाते. आईच्या मेडिकेअरचे (ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्यविम्याचे) दोन्ही हप्ते माझ्या खात्यातून जातात. टॅक्स रिटर्नमध्ये ती 'डिपेंडंट' नाही म्हणून ती कुटुंबात धरता येत नाही, असं ऑफिस म्हणतं. बदलीचं काम बघणाऱ्या बाईंनी तर आधी ईमेलवर 'सगळं मिळेल' असं लिहून दिलं होतं. त्यांनीच आमची चौघांची विमानाची तिकिटं काढून दिली होती.*

*भाऊ म्हणतो, '२०१९ च्या तारखेचं पत्र करून देतो, की माझं नाव फक्त कर्जापुरतं आहे.' घ्यावं का? आणि आईला 'अवलंबून' म्हटलेलं खपत नाही. ती म्हणते, 'मी कुणाच्या जिवावर जगत नाही, माझी पेन्शन आहे.'*

*– डेन्व्हरकर*

तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही सहज लिहून गेलात. 'चौघांची तिकिटं.' त्याच्याकडे येते. आधी ते पत्र.

मागच्या तारखेचं पत्र घेऊ नका. भाऊ प्रेमाने देतोय हे समजतं, पण सरकारपुढे खोटा कागद ठेवून पैसे मागणं हा फेडरल गुन्हा आहे. त्यात भावाची सही, म्हणजे तोही त्यात ओढला जाईल. तुमचा जो निम्मा दावा खरा आहे तोही त्या कागदापायी बुडेल, आणि नोकरी जाईल ती वेगळीच. २०१९ मध्ये काय ठरलं होतं हे भावाला सांगायचंच असेल, तर त्याने आजच्या तारखेने, जे घडलं तेच, प्रतिज्ञापत्रावर लिहावं. त्याला थोडं तरी वजन असतं.

आता हिशेब. ३३,००० मधून छपराचे २,४०० काढा. घराची डागडुजी हा विक्रीचा खर्च धरत नाहीत, मग ती खरेदीदाराने अडवून करून घेतलेली का असेना. राहिले ३०,६००. त्याचा तिसरा हिस्सा १०,२००. म्हणजे गणितात ऑफिसची चूक नाही. विक्रीच्या खर्चाला किमतीच्या १० टक्क्यांची मर्यादा असते, तुमचा खर्च ६ टक्के आहे, तेव्हा तोही प्रश्न नाही. सगळं अडलंय ते डीडवर.

फेडरल ट्रॅव्हल रेग्युलेशन, म्हणजे सरकारी प्रवास आणि बदलीखर्चाची नियमावली, तिच्या ३०२-११ या भागात नियम असा आहे: घराचं टायटल (मालकी) तुमच्या एकट्याच्या नावावर, किंवा तुमच्या आणि 'जवळच्या कुटुंबा'तल्यांच्या नावावर, किंवा फक्त त्यांच्याच नावावर असेल, तर पूर्ण खर्च मिळतो. त्यात बाहेरच्या कुणाचं नाव आलं की परतावा तुमच्या हिश्श्यापुरता. पैसे कुणी भरले, हप्ते कुणाच्या खात्यातून गेले, हे तिथे विचारत नाहीत. आपल्याकडे कसं, घर कुणाचं तर जो चालवतो त्याचं. इथे डीड म्हणेल त्याचं. आणि 'सगळे मीच सोसले' हे तुम्ही म्हणता खरं, पण तुमचं क्लोजिंग स्टेटमेंट काढून बघा. विक्रेते म्हणून वर तीन नावं आहेत, आणि कमिशन तिघांच्या मिळून आलेल्या रकमेतून कापलं गेलंय. 'मी भरले' असं त्या कागदावर कुठेच दिसत नाही.

ईमेलचंही विसरा. मी २६ वर्षं अशीच व्हाउचरं तपासण्यात घालवली, आणि 'अमक्या बाईंनी लिहून दिलं होतं' असं म्हणत आलेली माणसं दर महिन्याला बघितली. एकदा तर मीच एकाला चुकीचं सांगून बसले होते. त्याला पैसे मिळाले नाहीत, आणि मला अजून त्याचा चेहरा आठवतो. नियमात नसलेली गोष्ट कर्मचाऱ्याने कबूल केली म्हणून सरकार तिला बांधील होत नाही. अन्याय वाटतो, आहेही, पण ही वाट बंद आहे.

म्हणजे लढाई दोन नावांची. भाऊ आणि आई. यातली एक तुम्ही हरणार आहात असं मला वाटतं, आणि एक जिंकणार.

भावाचं आधी. सज्ञान, कमावता भाऊ 'जवळच्या कुटुंबा'त बसत नाही. एका ताटात जेवून मोठे झालात तरी नाही. एकच फट आहे. निव्वळ कर्ज मिळावं म्हणून ज्याने आपलं नाव उसनं दिलं, अशा माणसाचं नाव टायटलवर असेल तर ते बाजूला ठेवून घर तुमचंच धरता येतं. पण त्याला अटी आहेत: सही बँकेनेच मागितलेली हवी, कर्जाच्या कागदांवर तुम्हीही देणेकरी हवेत, घर वापरायचा आणि विकायचा अधिकार तुमच्याकडे हवा, आणि हप्ते थकले नाहीत तर त्या माणसाचा घरात पैशाचा कसलाही संबंध असता कामा नये. या सगळ्याचे कागद तुम्ही द्यायचे.

शेवटच्या अटीवर तुमचे १८,००० येऊन आडवे पडतात. डाउन पेमेंटमध्ये पैसे घालणारा आणि विक्रीनंतर पैसे घेणारा माणूस 'नावापुरता' कसा, असं कुणीही विचारेल. तुम्ही म्हणाल, अठरा घातले नि अठराच नेले, सहा वर्षांत घराची किंमत चढली त्यातला एक डॉलर मागितला नाही. हा मुद्दा बरा आहे, मांडा. पण तो टिकणार की नाही हे २०१९ च्या कर्जाच्या फाइलवर ठरेल. ती फाइल बँकेकडून मागवा आणि बघा की ते १८,००० तिथे कसे दाखवलेत. सहकर्जदाराची स्वतःची पुंजी म्हणून दाखवले असतील तर विषय संपला. त्या पैशांचं 'गिफ्ट लेटर' असेल, तर ते जपून हाताळा. अशा पत्रात देणारा लिहून देतो की हे पैसे परत घ्यायचे नाहीत, आणि तुम्ही तर परत दिलेत. नुसती 'दुसऱ्या कर्जदाराशिवाय मंजुरी नाही' अशी बँकेची ईमेल सापडली, तर ती लावा. अर्ध्याहून कमी आशा ठेवून लावा.

भाऊ सुटला नाही तर त्याच्या वाट्याचे १०,२०० त्याच्याकडून मागायचे का, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण डोक्यात असणार. कागदावर तो तिसऱ्या हिश्श्याचा मालक, तर विक्रीचा तिसरा हिस्सा खर्चही त्याचा, असं गणित मांडता येतं. माझं ऐकाल तर मांडू नका. त्याची सही नसती तर २०१९ मध्ये घरच झालं नसतं, आणि वाढलेल्या किमतीवर त्याने हक्क सांगितलेला नाही. ते दहा हजार त्या सहीचं मोल समजा.

आता आई. इथे ऑफिस चुकतंय, आणि कुठे चुकतंय हे नीट समजून घ्या, कारण तुम्हाला ते लेखी मांडायचंय.

'जवळच्या कुटुंबा'त कर्मचाऱ्याचे किंवा त्याच्या जोडीदाराचे अवलंबून असलेले आई-वडील येतात. अट एवढीच, की तुम्ही नव्या जागी रुजू झालात त्या दिवशी ते तुमच्या घरातले असावेत. 'अवलंबून' कुणाला म्हणायचं याची व्याख्या याच नियमावलीत आहे, आयकराच्या कायद्यातून उसनी घेतलेली नाही. साधारणपणे ५१ टक्के पोषण तुमच्याकडून होत असेल तर ती व्यक्ती अवलंबून. पण नियम तिथे थांबत नाही. हा टक्का प्रत्येक वेळी निर्णायक नाही, असं तो स्वतःच म्हणतो. घरात राहणाऱ्या माणसाचं स्वतःचं उत्पन्न असूनही, तुमच्या मदतीवाचून त्याला बऱ्यापैकी राहणीमान ठेवता येणार नसेल, तर ५१ टक्क्यांहून कमी मदतही चालते.

मग टॅक्स रिटर्नमध्ये आई का नाहीत? कारण तिथली एक अट वेगळी आहे. २०२४ सालासाठी, ज्या नातेवाइकाचं वर्षाचं उत्पन्न ५,०५० डॉलर किंवा त्याहून जास्त, त्याला डिपेंडंट दाखवता येत नव्हतं. पोषण तुम्ही शंभर टक्के करा, तरी नाही. आईंची पेन्शन वर्षाला ४,५६,००० रुपये, म्हणजे त्या वर्षीच्या दराने ५,४०० डॉलरच्या थोडी वर. साडेतीनशे-चारशे डॉलरने त्या रेषेबाहेर गेल्या. तुमच्या टॅक्सवाल्याने बरोबरच केलं. पण ट्रॅव्हल रेग्युलेशनच्या व्याख्येत उत्पन्नाची अशी रेषाच नाही. तिथे प्रश्न पोषणाचा आहे. ऑफिसने एका कायद्याचं उत्तर दुसऱ्या कायद्याच्या प्रश्नाला चिकटवलंय, आणि बाकी काही तपासलेलं दिसत नाही.

तेव्हा पोषणाचा हिशेब तुम्ही मांडून द्या. एक पानभर पुरे. सुरुवात मेडिकेअरपासून करा. इथे स्वतः किंवा जोडीदाराने पुरेशी नोकरी केलेली नसेल, तर पार्ट ए (इस्पितळाचा विमा) फुकट मिळत नाही. २०२४ मध्ये त्याचा पूर्ण हप्ता महिना ५०५ डॉलर होता आणि पार्ट बी चा, म्हणजे डॉक्टरांच्या खर्चाच्या विम्याचा, १७४ डॉलर ७० सेंट. बारा महिन्यांचे ८,१५६ होतात. म्हणजे आईंची अख्खी पेन्शन इथे आणून ओतली तरी नुसता आरोग्यविमा निघत नाही. (फेडरल नोकरीच्या विम्यात आई-वडील बसत नाहीत हे वेगळं सांगायला नको, आपल्यातल्या कितीतरी घरांत याच हप्त्यांची रड आहे.) त्यावर राहायच्या खोलीचं वाजवी भाडं, जेवणखाण, औषधं, चष्मा, फोन, डोंबिवलीला जाण्यायेण्याची तिकिटं. प्रत्येकापुढे बँक स्टेटमेंट किंवा पावती.

दुसऱ्या रकान्यात आईंचं स्वतःचं. इथे पासबुकाच्या छापलेल्या नोंदी लागतील, पेन्शन जमा आणि मावशींना गेलेली रक्कम, ओळीने. करकायद्यात दंडक असा आहे की उत्पन्नाचा जो भाग माणसाने स्वतःवर खर्चलाच नाही, तो त्याच्या पोषणात धरायचा नाही. ट्रॅव्हलच्या नियमातही पोषणाचाच शब्द आहे, तेव्हा हाच युक्तिवाद तिथे करा. मावशींच्या गोळ्यांना गेलेले पैसे आईंच्या ताटात पडलेले नाहीत. इथल्या घरात ४०,००० घालण्यासाठी डोंबिवलीची जागा विकली, तेव्हा तिथे परत जाऊन राहायला छप्पर उरलेलं नाही, हेही लिहा.

आणि आता ती तिकिटं. चौघांची, म्हणजे तुम्ही, पत्नी, मूल आणि आई, असं धरते. बदली झालेल्या माणसाच्या 'जवळच्या कुटुंबा'चाच प्रवास सरकार करतं, आणि ती नावं बदलीच्या आदेशावर असतात. तो आदेश काढा. त्यावर आईंचं नाव असेल, तर याच ऑफिसने एप्रिलमध्ये त्यांना कुटुंबात धरून विमानात बसवलं आणि सप्टेंबरमध्ये घराच्या कागदांपाशी आल्यावर कुटुंबातून काढलं. व्याख्या दोन्हीकडे एकच आहे. तेव्हा कशाच्या आधारावर धरलं आणि मधल्या पाच महिन्यांत काय बदललं, एवढाच प्रश्न सौम्य शब्दांत विचारा. मी टेबलाच्या त्या बाजूला असते तर या प्रश्नाला घाबरले असते. मात्र हेही लक्षात ठेवा, की ते उलट फिरून 'मग तिकीटही चुकीने दिलं, पैसे परत करा' असं म्हणू शकतात. म्हणून पोषणाचा हिशेब आधी पक्का, मग तिकीट.

आई जमल्या तर आणखी १०,२०० मिळतील, एकूण २०,४००.

रस्ता असा. आधी नकार लेखी आणि कारणांसह मागा. मग त्याच खात्याकडे फेरविचाराचा अर्ज. तिथेही नाही म्हणाले, तर वॉशिंग्टनमध्ये सिव्हिलियन बोर्ड ऑफ कॉन्ट्रॅक्ट अपील्स आहे. नाव ठेकेदारांचं असलं तरी २००७ पासून फेडरल कर्मचाऱ्यांच्या बदलीखर्चाचे दावे तेच ऐकतं. फी नाही, वकील लागत नाही, बहुतेक काम कागदांवरच होतं. एक खोच मात्र आहे: तुमची जागा युनियनच्या करारात येत असेल आणि त्या करारात असे दावे वगळलेले नसतील, तर बोर्ड तुम्हाला हात लावणार नाही, युनियनच्या ग्रीव्हन्समधूनच (तक्रारीच्या प्रक्रियेतूनच) जावं लागेल. तिथली मुदत आठवड्यांत मोजतात. म्हणून पत्र वाचलंत की आधी करार काढा, बाकी सगळं नंतर.

मिळालेली रक्कम पगारात धरून तिच्यावर कर कापला जातो. तो भरून काढायला 'रिलोकेशन इन्कम टॅक्स अलाउन्स' असतो, त्याचा अर्ज पुढच्या वर्षी वेगळा करावा लागतो. पुष्कळ लोक तो करायचा विसरतात.

आता आईंचं म्हणणं. मला त्या आवडल्या. तीसेक वर्षं शाळा चालवलेल्या, आजही दर नोव्हेंबरला हयातीचा दाखला स्वतःच्या सहीने पाठवणाऱ्या बाईला 'अवलंबून' हा शब्द का लागतो, हे मला कळतं. माझ्या सासूबाईंनी असाच एक फॉर्म माझ्या हातातून घेऊन तो शब्द पेनाने खोडला होता. त्यांना नियमातलं ते दुसरं वाक्य मराठीत वाचून दाखवा, ज्यात 'स्वतःच्या उत्पन्नाव्यतिरिक्त' असे शब्द आहेत. त्यात त्यांची पेन्शन जागच्या जागी आहे, तिला कुणी नाकारत नाही. हा अर्ज तुमचा आहे, त्यावर सही तुमची. त्यांच्याकडून हवंय ते फक्त पासबुक, आणि ते 'मावशीला तू किती दिलंस ते सरकारला दाखवायचंय' असं म्हणून मागितलंत तर बहुधा स्वतःच काढून देतील.

डेन्व्हरला घर घ्याल तेव्हा खरेदीच्या खर्चाचाही परतावा आहे, किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत, आणि डीडवरच्या नावांचा नियम तोच. रुजू झाल्यापासून वर्षाच्या आत क्लोजिंग व्हायला हवं. खात्याने मनावर घेतलं तर मुदत आणखी एक वर्ष वाढते, पण ती आपण मागावी लागते. तुमची पहिली मुदत एप्रिल २०२६ ची. भावाची सही पुन्हा लागली तर ती कर्जाच्या नोटवर (परतफेडीच्या करारावर) घ्या, डीडवर नाही. टायटल कंपनी डीडचा मसुदा क्लोजिंगच्या आधी पाठवते, तो उघडून नावं स्वतः वाचा. गेल्या वेळी तो वाचला होतात का, एवढं मला नक्की कळवा.